क्रूझ कंपनी बदलताना नेमकं काय बदलतं? (कॉर्डेलिया दोनदा झाली, आता सिंगापूरची मोठी बोट)

चाटीगल्ली | २५ ऑगस्ट २०२४, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आमचं कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या एम्प्रेस बोटीवर दोनदा जाणं झालं. २०२२ च्या डिसेंबरात मुंबई-गोवा आणि गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत लक्षद्वीप. दोन्ही वेळा सगळं अंगवळणी पडल्यासारखं झालं. रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, चहा-नाश्ता करायचा आणि टॅक्सीने दहा मिनिटांत बॅलार्ड पिअर. ओळखपत्र म्हणून आधार कार्ड पुरलं. बोटीवर हिंदी बोललं तरी चालतं, हिशेब रुपयांत, जेवणात पोळी-भाजी. आमच्या अव्वा (माझ्या सासूबाई, वय ७२) पहिल्या दिवशी घाबरल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्याच मला डेकवर ओढून न्यायला लागल्या.

आता लेक नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे दोन वर्षं कुठे हलता येणार नाही. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ ठरवतोय. सिंगापूर-पेनांग-फुकेत-सिंगापूर, रॉयल कॅरिबियनची अँथम ऑफ द सीज. आम्ही चौघं: मी, हे, लेक आणि अव्वा.

जहाज मोठं आहे एवढं मला कळतं. मला विचारायचंय ते दुसरंच. एका कंपनीची सवय झाल्यावर दुसरीकडे गेलं की माणूस कुठे अडखळतो? काय गृहीत धरायचं नाही? अव्वा अंडंसुद्धा खात नाहीत आणि सोमवार धरतात, त्या दिवशी कांदा-लसूणही चालत नाही. गुडघे दुखतात, पण हौस दांडगी आहे. त्यांची आबाळ झाली तर मला ट्रिप गोड लागणार नाही.

निवृत्त_गार्ड | २५ ऑगस्ट, रात्री १०.३५

ताई, पहिल्यांदा एक गंमतीची माहिती. तुम्ही ज्या एम्प्रेसवर दोनदा राहून आलात ती मुळात रॉयल कॅरिबियनचीच बोट. १९९० साली नॉर्डिक एम्प्रेस नावाने प्रवाशांसाठी सुरू झाली, पुढे एम्प्रेस ऑफ द सीज झाली आणि २०२१ पासून कॉर्डेलियाकडे आहे. म्हणजे ज्या घरात तुम्ही निघालाय, त्याच घरची जुनी वास्तू तुम्ही पाहिलेली आहे.

फरक आकाराचा. एम्प्रेस २११ मीटर लांब, अँथम ३४८ मीटर. आम्हा रेल्वेवाल्यांच्या भाषेत सांगतो, एलएचबीचे (नव्या, लांब बनावटीचे) जवळजवळ पंधरा डबे एका ओळीत. एम्प्रेस ४८ हजार ग्रॉस टनाची आणि अँथम १ लाख ६८ हजारांची. हे टन वजनाचे नसतात बरं का, जहाजाच्या पोटातली एकूण जागा मोजायचं ते माप आहे. एका खोलीत दोघे धरले तरी अँथमवर चार हजारांवर प्रवासी होतात.

याचा अव्वांशी संबंध असा की एम्प्रेसवर विसरलेली शाल आणायला खोलीत परत जाणं म्हणजे दोन मिनिटं. इथे खोली एका टोकाला आणि जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला असला, तर दिवसातून चार खेपांत गुडघे बोलायला लागतील. खोली लिफ्टजवळ आणि जहाजाच्या मध्यावर घ्या. मध्यावर हेलकावाही कमी जाणवतो. तसा मलाक्काच्या सामुद्रधुनीचा पट्टा दोन्ही बाजूंनी जमिनीने झाकलेला आहे, अरबी समुद्रासारखी लाट तिथे सहसा नसते.

माढ्याची_लेक | २६ ऑगस्ट, सकाळी ७.१५

मी सिंगापूरला राहते, माहेर माढा. कागदपत्रांचं मी सांगते, कारण इथे येणाऱ्या नातेवाइकांचा घोळ दरवर्षी तिथेच होतो.

कॉर्डेलियाला आधार कार्डावर गेलात. इथे पासपोर्ट लागेल आणि परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी त्याची मुदत शिल्लक हवी. अव्वांचा नसेल तर आजच अर्ज करा, सोलापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातच काम होतं. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे हे छापील कागदावर स्वतः वाचा. विमानाने आलात ही एक एंट्री, जहाजातून परत उतरलात ही दुसरी. मलेशिया आणि थायलंडला सध्या (ऑगस्ट २०२४) भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण हे नियम बदलत राहतात, निघायच्या आधी पुन्हा बघा. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र भरावं लागतं. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड दोनदा भरायचं, विमानाच्या आधी एकदा आणि जहाज परत येण्याच्या आधी तीन दिवसांत पुन्हा एकदा. हे दुसरं बहुतेक सगळे विसरतात आणि मग धक्क्यावर उभं राहून मोबाइलवर भरत बसतात.

आणखी एक कळकळीची विनंती. क्रूझच्याच सकाळी सिंगापूरला उतरू नका, आदल्या दिवशी या. मुंबईत गाडी उशिरा आली तर सीएसएमटीवरून बॅलार्ड पिअरला धावत पळत गाठता येतं. इथे विमान चुकलं की जहाज गेलं.

जुळे_सोलापूर | २६ ऑगस्ट, सकाळी ११.०२

बुकिंग कुठल्या प्रकारच्या खोलीचं झालंय? एजंटने 'गॅरंटी' असा काही शब्द वापरला का?

चाटीगल्ली | २६ ऑगस्ट, दुपारी २.२०

हो, वापरलाय. आम्ही दोन खोल्या सांगितल्या. एकीत आम्ही दोघं, दुसरीत अव्वा आणि लेक. एजंट म्हणाले, गॅरंटीमध्ये स्वस्त पडतं, खोली मिळणार हे पक्कं. म्हणून मी हो म्हटलं. काही चुकलं का?

जुळे_सोलापूर | २६ ऑगस्ट, दुपारी २.४८

ताई, गॅरंटी म्हणजे खोली मिळण्याची हमी, ठिकाणाची हमी नव्हे. कुठल्या मजल्यावर, कोणत्या टोकाला ते कंपनी शेवटी ठरवते आणि दोन खोल्या शेजारी येतील असं काही नसतं. माझ्या आईवडिलांना आमच्यापासून चार मजले खाली टाकलं होतं. वडिलांना रात्री बरं वाटेना, तर आईला लिफ्टही सापडेना. तुमच्या एजंटला आत्ताच फोन करा आणि दोन्ही खोल्यांचे नंबर धरूनच बुकिंग करायला सांगा. फरकाचे पैसे द्या. या एका गोष्टीत हात आखडू नका.

चाटीगल्ली | २८ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१०

जुळे सोलापूर, तुमचे आभार कसे मानू! एजंटकडे स्वतः जाऊन बसले. आधी म्हणाले आता बदल होत नाही. मी उठत नाही म्हटल्यावर कंपनीला मेल केला. फरक भरून मध्यावरच्या, समोरासमोर दारं असलेल्या दोन खोल्या मिळाल्या. हा धागा काढला नसता तर डिसेंबरात जहाजावर पाय ठेवल्यावरच कळलं असतं.

आता जेवणाचं सांगा कुणीतरी.

गॅलीतला_पंढरपूरकर | २८ ऑगस्ट, रात्री ११.२०

जेवणाचं मी सांगतो. हॉटेल मॅनेजमेंट करून सहा वर्षं जहाजांच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात काढली. दोन कंपन्या झाल्या, नावं राहू द्या. आता पंढरपुरात स्वतःचं छोटं हॉटेल आहे.

कंपनी बदलल्यावर सगळ्यात मोठा फरक जेवणात पडतो आणि तो पदार्थांचा नसून रीतीचा असतो. कॉर्डेलियावर स्वयंपाकघरच भारतीय पाहुण्यांसाठी मांडलेलं. तिथे शाकाहार हा रोजचा स्वयंपाक. रॉयलसारख्या जहाजावर शाकाहारी ही 'स्पेशल डाएट' धरली जाते. म्हणजे ती मिळते, चांगली मिळते, पण तुम्ही सांगितल्यावर आणि आधी सांगितल्यावर.

पहिला टप्पा बुकिंगमध्ये: इंडियन व्हेजिटेरियन अशी नोंद प्रत्येक माणसाच्या नावावर करून घ्यायची. दुसरा टप्पा जास्त महत्त्वाचा. पहिल्या संध्याकाळी मुख्य डायनिंग रूममध्ये गेल्यावर वेटरला नाही, हेड वेटरला बोलवा. अव्वांना समोर बसवूनच त्याला सांगा: अंडं नाही, मासळी नाही, सोमवारी कांदा-लसूण नाही. तो उद्याचा मेनू दाखवील आणि त्यातून उद्याचं जेवण आजच ठरवून लिहून घेईल. गॅलीत ती चिठ्ठी टेबल नंबरासकट येते आणि तुमचं ताट वेगळं लागतं. हजारो ताटांच्या धावपळीत ऐनवेळी 'नो ऑनियन' म्हटलेलं माणूस मनापासून करू म्हणाला तरी करता येत नाही, कारण ग्रेव्ही दुपारीच तयार झालेली असते.

यासाठी रोज एकाच टेबलावर, एकाच वेटरकडे बसणं सोयीचं. रॉयलवर दोन पद्धती आहेत. एक ठरलेल्या वेळेची, त्यात टेबल आणि वेटर तेच राहतात. दुसरी माय टाइम, त्यात तुम्ही येईल त्या वेळी बसता आणि माणसं बदलतात. ज्यांच्या घरी पथ्य आहे त्यांनी डोळे झाकून ठरलेली वेळ घ्यावी, तीही लवकरची. नॉर्वेजियनसारख्या कंपनीत ठरलेली वेळ ही भानगडच नसते, तिथे रोज नव्याने सांगावं लागतं.

बुफेत सावध राहा. सिंगापूरकडच्या जहाजांवर भारतीय काउंटर बहुधा असतो, डाळ-भात-भाजी मिळते. पण शेजारच्या आशियाई काउंटरवरची हिरवीगार भाजी दिसते शाकाहारी आणि तिच्यात ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस असू शकतो. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असतं, केक-पेस्ट्रीत अंडं. विचारल्याशिवाय अव्वांच्या ताटात वाढू नका. विचारण्यात संकोच करू नका, आम्हा गॅलीवाल्यांना प्रश्नाचा त्रास होत नाही. जेवण झाल्यावर कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं की होतो.

टॉवेलवाला | २९ ऑगस्ट, सकाळी ९.०५

आम्ही जैन. टेरी टॉवेलचा धंदा, ऑर्डरीच्या निमित्ताने सिंगापूर-दुबई चालू असतं. आई-बाबांना न्यायचं होतं तेव्हा मी मुद्दाम गेंटिंग ड्रीम घेतली. तीही सिंगापूरहूनच सुटते आणि तिथे भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय पक्की आहे, भारतीय प्रवासीही भरपूर. अव्वांच्या दृष्टीने कॉर्डेलियानंतरची जवळची पायरी तीच झाली असती असं मला अजूनही वाटतं. अँथमवर तुमच्या लेकीला जास्त मजा येईल, हेही तितकंच खरं. घरात दोन पिढ्या असल्या की कुणाला झुकतं माप द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

एक पैशाची गोष्ट. दोन कंपन्यांचे भाव शेजारी ठेवताना नुसतं भाडं बघू नका. बंदर शुल्क, कर, सेवाशुल्क, परदेशी टूर पॅकेजवरचा टीसीएस (बुकिंगच्या वेळीच गोळा होणारा कर), सगळं मिळवून एका कागदावर मांडा. टीसीएस प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो, तोवर पैसा अडकतो एवढंच. सेवाशुल्क मात्र खर्चच.

चाटीगल्ली | २९ ऑगस्ट, सकाळी १०.४०

सेवाशुल्क? मुंबईला तर आम्ही तिकिटाबरोबरच सगळं भरून टाकलं होतं. एजंट याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

टॉवेलवाला | २९ ऑगस्ट, सकाळी ११.१५

आधी भरलं नसेल तर जहाजावर रोज तुमच्या खात्यात आपोआप चढतं. डॉलरमध्ये, माणशी, दररोज. लहान-मोठं सगळ्यांना. आत्ताच विचारा, त्याचे दर येत्या नोव्हेंबरपासून वाढणार असंही कानावर आहे. आणि जहाजावरच्या खात्याला क्रेडिट कार्डच जोडा. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड दिलं तर ते आगाऊ रक्कम अडकवून ठेवतात, ती सुटायला दिवस लागतात आणि तेवढ्यात फुकेतच्या बाजारात तुमचं कार्ड रिकामं.

अक्कलकोट_रोड | ३० ऑगस्ट, रात्री ८.३०

जरा विषयाला फाटा देतो, पण कंपनी बदलण्याचाच प्रश्न आहे. २०१७ मध्ये मुंबईहून मालदीवला जाणारी कोस्टाची निओक्लासिका केली होती, नंतर कोस्टाच्याच आणखी दोन. आता दुबईची एमएससी बघतोय. कोस्टाचे जमलेले पॉइंट वाया जाणार का?

निवृत्त_गार्ड | ३० ऑगस्ट, रात्री ९.४५

वाया जात नाहीत, कोस्टाकडे पडून राहतात. नव्या कंपनीत मात्र आपण नवखे. अपवाद एमएससीचा. त्यांच्याकडे स्टेटस मॅच आहे: दुसऱ्या क्रूझ कंपनीची तुमची सभासद पायरी दाखवली की त्याच्या तोडीची पायरी ते देतात. अर्ज बुकिंगच्या आधीच करा. रॉयल, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या एका घरच्या कंपन्या, त्या आपापसांत पायरी मानतात. कोस्टा, प्रिन्सेस, कार्निव्हल, क्युनार्ड यांचा मालक एक असला तरी पायऱ्या वेगवेगळ्या.

चाटीगल्ली ताईंना यातलं काही लागू नाही. रॉयलवर एका रात्रीला एक पॉइंट, तीन पॉइंटांना गोल्ड. चार रात्री झाल्या की चौघंही गोल्ड. पुढची प्लॅटिनमची पायरी तिसाव्या पॉइंटाला. त्यामुळे पॉइंटांच्या मोहात एकाच कंपनीला चिकटून राहावं असं आपल्यासारख्या दोन-तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्याला काही कारण नाही.

अक्कलकोट रोड, एमएससीवर खोलीबरोबर 'अनुभव' नावाचा एक प्रकार निवडावा लागतो. बेला सगळ्यात स्वस्त, मग फँटास्टिका, ऑरिया आणि वर यॉट क्लब. बेलामध्ये खोली आणि जेवणाची वेळ बऱ्याच अंशी तेच ठरवतात. खोली तीच, पण हक्क वेगळे. कोस्टाच्या सवयीने सगळ्यात खालचा भाव बघून बटण दाबू नका.

जुळे_सोलापूर | ३१ ऑगस्ट, सकाळी ८.००

मस्टर ड्रिलबद्दल, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्या कवायतीबद्दल, कुणी लिहिलं नाही. आम्ही ते अर्धवट केलं आणि खोलीत फोन आला.

निवृत्त_गार्ड | ३१ ऑगस्ट, सकाळी ९.२०

बरं झालं काढलंत. आयुष्यभर सुरक्षेचे नियम पाळत आलो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

१३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला घासून कलंडली, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची सवलत होती. त्यानंतर नियम कडक झाला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत झालीच पाहिजे.

पद्धत मात्र प्रत्येक कंपनीची निराळी. काही ठिकाणी सगळ्यांना एका वेळी जमवतात. रॉयलवर फोनमधल्या ॲपवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर माहिती बघायची, भोंग्याचा आवाज ऐकायचा (सात छोटे, एक लांब), मग कार्डावर लिहिलेल्या आपल्या जमण्याच्या जागी जाऊन तिथल्या माणसाकडून नोंद करून घ्यायची. दोन्ही भाग झाल्याशिवाय पूर्ण धरत नाहीत. जहाजात शिरल्यावर खोलीत न जाता आधी हे उरका. अव्वांनाही ती जागा पायाने चालून दाखवा. दोन खोल्या आहेत म्हणजे कार्डावरची जागा वेगळी आहे का तेही ताडून बघा.

चाटीगल्ली | २९ नोव्हेंबर, रात्री १०.१०

मंडळी, दोन दिवसांत निघतोय. हा अख्खा धागा छापून पिशवीत टाकलाय. अव्वांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढून ठेवलीय. न्यायला चालेल का?

गॅलीतला_पंढरपूरकर | २९ नोव्हेंबर, रात्री १०.३२

चटणी दुकानातली, कारखान्यात सीलबंद केलेली, वर नाव-तारीख छापलेली असेल तर खुशाल न्या. घरात डब्यात भरलेली शक्यतो नको, तपासणीत अडते. भाकरीचंही तेच, पॅकिंगची घ्या. बोटीवरून बंदरावर उतरताना मात्र खाण्याचं काही बरोबर नेऊ नका. किटली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड बॅगेत असेल तर आत्ता काढा, आगीच्या भीतीने जप्त करतात.

चाटीगल्ली | १४ डिसेंबर, रात्री ९.१५

आलो! सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

मरिना बेच्या क्रूझ टर्मिनलवर ॲपवर निवडलेल्या वेळेला पोचलो. अव्वांसाठी चाकाची खुर्ची आधीच सांगितली होती, त्यामुळे रांग लागली नाही. आत पाऊल टाकल्यावर अव्वा एवढंच म्हणाल्या, "अगं, हितं तर गड्ड्यासारखी माणसं हायत की!" (गड्डा म्हणजे आमची सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा.) खरंच होतं. पहिले दोन तास मला वाटलं, चुकलंच आपलं. एम्प्रेसवर पहिल्या तासात तोंडं ओळखीची झाली होती. इथे लिफ्टसमोर प्रत्येक वेळी नवीनच माणसं. कुणी आपणहून येऊन काही सांगत नाही. सगळं ॲपमध्ये: नाटक किती वाजता, कुठे, जागा शिल्लक आहे का. लेकीने आठवडाभर आधी ॲपवरून हवेत तरंगायचं आयफ्लाय आणि नॉर्थ स्टारच्या (उंच नेणाऱ्या काचेच्या पाळण्याच्या) वेळा धरून ठेवल्या म्हणून मिळालं. आमच्या शेजारच्या कुटुंबाला कार्यक्रमाच्या दारातून परत फिरावं लागलं. कॉर्डेलियावर घोषणा ऐकून उठून जायची सवय होती ना, त्यांनाही आणि आम्हालाही.

मस्टर ड्रिल गार्डकाकांनी सांगितल्याप्रमाणे आधी उरकलं.

आता जेवण. लवकरची ठरलेली वेळ घेतली होती. पहिल्या संध्याकाळी हेड वेटर आले, मी पंढरपूरकरदादांनी लिहिलेलं तसंच्या तसं सांगितलं. ते इंग्रजीतून मला विचारत होते, पण बघत अव्वांकडे होते. मी भाषांतर करायचे, अव्वा मान हलवायच्या. त्या दिवशी डाळ, भात आणि एक भाजी मिळाली, पाव होता, पोळी नव्हती. अव्वा गप्प जेवल्या. दुसऱ्या दिवशी टेबलावर बसताच एक झाकलेली थाळी आली. झाकण काढलं तर वाफ निघणारी पोळी, घडी घालून, वर तूप. अव्वांनी तिच्यावर नुसता हात ठेवला. गरम आहे का बघत होत्या की काय कोण जाणे, बराच वेळ ठेवला. मग पिशवीतून शेंगाचटणीचं पाकीट काढून माझ्याकडे फोडायला दिलं आणि पहिला चमचा त्या वेटरच्या बशीत घालायला लावला. तो नेपाळचा पोरगा. शेवटच्या रात्रीपर्यंत 'अव्वा' म्हणून हाक मारायचा. सोमवारचं ताट रविवारीच सांगून ठेवलं होतं, वेगळं आलं.

पेनांगला जहाज थेट धक्क्याला लागतं आणि जॉर्ज टाउन समोरच. क्वीन स्ट्रीटवर महामारिअम्मनचं जुनं मंदिर आहे, तिथे अव्वांना नेलं. तिथल्या बाई तमिळ बोलत होत्या, अव्वा कानडी. अर्धं अर्धं कळत असावं, पण दोघी पायरीवर बसून बराच वेळ बोलल्या.

फुकेतला मात्र जहाज लांब नांगरतं आणि छोट्या बोटीने, म्हणजे टेंडरने, पातोंगच्या किनाऱ्यावर जायचं. हे आमच्या एजंटने सांगितलं नव्हतं. लक्षद्वीपला बोट बदलण्याचा अनुभव होता म्हणून मी निश्चिंत होते. दारापाशी उभं राहिल्यावर बघते तर टेंडर वर-खाली होतेय आणि मधे फूटभर पाणी दिसतंय. दोन खलाशी दोन बाजूंना, माणसाचं मनगट धरायचं आणि लाट वर आली की "नाऊ" म्हणून पाऊल टाकायला लावायचं. अव्वांनी गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी खिडकीत बसते." मी त्यांच्याजवळ थांबले, बापलेक जाऊन आले. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस आहे त्यांनी बुकिंगआधी प्रत्येक बंदराला धक्का आहे की टेंडर, हे विचारूनच घ्यावं. कंपनी बदलली की बंदरात लागायची जागासुद्धा बदलते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

हिशेब: सेवाशुल्क माणशी रोज १८.५० डॉलर. चौघांचे चार दिवसांचे २९६ डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या घरात. टॉवेलवाले भाऊंनी सांगितलं नसतं तर शेवटच्या सकाळी बिल बघून धक्का बसला असता. आम्ही आधीच भरून टाकलं होतं. फोन जहाजात शिरताच एअरप्लेन मोडवर टाकले, समुद्रातल्या रोमिंगचं बिल ऐकून होते.

समोरासमोरच्या खोल्या होत्या त्याचं मोल तिसऱ्या रात्री कळलं. अव्वांच्या पायात गोळा आला, लेकीने नुसतं दार उघडून आम्हाला हाक मारली.

माढ्याची_लेक | १४ डिसेंबर, रात्री ९.५०

मंदिराच्या पायरीवरचं वाचून आजीची आठवण आली. परतताना अरायव्हल कार्ड?

चाटीगल्ली | १४ डिसेंबर, रात्री १०.०५

फुकेतहून निघतानाच चौघांचं भरलं. धक्क्यावर पन्नासेक माणसं मोबाइल घेऊन उभी होती, आम्ही सरळ बाहेर.

जुळे_सोलापूर | १५ डिसेंबर, सकाळी ८.४०

चार्जिंगचं काय केलंत? आम्हाला पुढच्या महिन्यात जायचंय.

चाटीगल्ली | १५ डिसेंबर, दुपारी १.१५

खोलीत अमेरिकन चपट्या पिनांचे आणि युरोपियन गोल भोकांचे असे दोन्ही सॉकेट होते. आपले दोन गोल पिनांचे मोबाइल चार्जर युरोपियनमध्ये सरळ बसतात. तीन पिनांचं काही असेल तरच ॲडॉप्टर न्या. आणि भिंती लोखंडी असतात, चार-पाच चुंबकाचे हुक न्या. ओले कपडे, टोप्या, अव्वांची जपमाळ, सगळं भिंतीवर टांगलं होतं.

टॉवेलवाला | १५ डिसेंबर, दुपारी ४.३०

आता अव्वांनाच विचारून सांगा, पुढच्या वेळी कुठली बोट?

चाटीगल्ली | १५ डिसेंबर, रात्री ९.०५

विचारलं. म्हणाल्या, बोट कुठलीही घे, पण धक्क्याला लागणारी घे. आणि त्या नेपाळच्या पोराला एक सोलापुरी चादर पाठवायची आहे, पत्ता मिळेल का ते बघ म्हणाल्या. पंढरपूरकरदादा, जहाजावरच्या माणसाला पार्सल कसं पोचतं?

गॅलीतला_पंढरपूरकर | १५ डिसेंबर, रात्री ११.४०

जहाजावर पाठवू नका, बंदरात अडकून पडतं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपून तो घरी गेला की नेपाळच्या पत्त्यावर पाठवायचं. नाव, जहाज आणि टेबल नंबर मला खासगी निरोपात कळवा. माझे जुने सोबती अजून आहेत तिकडे, पत्ता काढून देतो.